सहा मीटर खोलीवर चोवीस मिनिटं

भाची कुडाळची. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये तारकर्लीला एमटीडीसीच्या स्कूबा केंद्रात तिने ओपन वॉटरचा, म्हणजे नवशिक्यांचा पहिला, कोर्स केला. सप्टेंबरात ती शिकायला कॅनडात वॉटर्लूला आली आणि आमच्या घरापासून वीस मिनिटांवर राहू लागली. डाइव्हच्या वहीत एकूण ६ नोंदी होत्या, ४ कोर्सच्या आणि २ हौसेच्या. सगळ्या अरबी समुद्रातल्या, २८ अंशांच्या पाण्यातल्या, ३ मिलिमीटरच्या सूटमधल्या. शेवटच्या नोंदीला सोळा महिने होत आले होते.

तिची मागणी साधी होती. नौदलातून निवृत्त झालेली ‘गुलदार’ युद्धनौका निवती रॉकजवळ बुडवून पाण्याखाली संग्रहालय करायची योजना तिने वाचली होती. ते उघडलं की आपण तिथे उतरायचंच, हे तिचं ठरलेलं. त्याआधी एक तरी बुडालेलं जहाज बघून ठेवावं म्हणून ती मागे लागली. “मावशी, तू दर उन्हाळ्यात जातेस ना, मग मला ने की एकदा.”

मी इथल्या तळ्यांत अकरा वर्षं डाइव्ह करते. प्रशिक्षक नाही. सोबत येणार होता आमचा एक पुण्याचा मित्र. अनुभवी माणूस, पण खोलीचा शौकीन. वीस मीटरच्या वर काही बघण्यासारखं असतं यावर त्याचा विश्वास नाही. डाइव्हिंगमध्ये जोडीदाराला सगळे ‘बडी’ म्हणतात. मला आपला ‘भिडू’ शब्द जास्त पटतो, कारण भिडूला डावाच्या मध्येच “मी आउट” म्हणायची मुभा असते. या प्रकरणाची गाडी शेवटी त्या मुभेपाशीच येऊन थांबली, म्हणून सगळं तपशिलात लिहून ठेवते आहे. घरच्या किंवा ओळखीच्या नवशिक्याला घेऊन ‘सहज’ जाऊन यायचा बेत आखणाऱ्यांना उपयोग होईल.

जागा ठरवताना

दोन पर्याय समोर होते. एक सेंट लॉरेन्स नदी, ब्रॉकव्हिल आणि प्रेस्कॉटचा पट्टा. तिथे ऑगस्टमध्ये पाणी वरपासून तळापर्यंत २० अंशांच्या पुढे असतं, थंड थर लागतच नाही. प्रेस्कॉटजवळ १८८९ मध्ये टकरीत बुडालेली ‘रोथसे’ ही चाकाची आगबोट दहाएक मीटरवर आहे, तीही किनाऱ्यावरून पोहत जाण्यासारखी. कोकणातून आलेल्या मुलीला ऊबदार पाणी म्हणजे अर्धं काम झालं, असं मला वाटत होतं.

पण नदी ती नदी. तिला ओढ असते. थंडी लागली तर माणूस हातवारे करून सांगू शकतो. ओढीत सापडलेला नवशिका मात्र सांगायच्या आतच वीस फूट पुढे गेलेला असतो. शिवाय तिथली जहाजं झेब्रा आणि क्वागा शिंपल्यांनी मढलेली. ऐंशीच्या दशकात युरोपातून येणाऱ्या जहाजांच्या बॅलास्टच्या, म्हणजे तोल राखायला पोटात भरलेल्या, पाण्यातून हे शिंपले इथे आले. त्यांनी पाणी गाळून काचेसारखं केलं आणि बदल्यात लाकडावर जाड थर चढवला. धरायला जाल तर हातमोजा फाटेल.

दुसरा पर्याय टोबरमोरी. ह्युरॉन सरोवर आणि जॉर्जियन बे यांच्या मध्ये घुसलेल्या ब्रूस द्वीपकल्पाचं हे टोक. वॉटर्लूहून गाडीने तीन तास. इथला फॅदम फाइव्ह हा कॅनडाचा पहिला राष्ट्रीय सागरी पार्क, १९८७ चा. सागर कुठे आहे ते विचारू नका, सगळं गोडं पाणी. पार्कच्या हद्दीत वीसहून जास्त बुडालेली जहाजं आहेत. आणि ती अजून जहाजांसारखी दिसतात, हे महत्त्वाचं. समुद्रात लाकूड पोखरणारा जो किडा असतो तो गोड्या पाण्यात जगत नाही, आणि थंडीमुळे कुजणंही संथ चालतं. मालवणात लाकडी होडी पाण्यात नुसती सोडून दिली तर काही वर्षांत तिची चाळण होते. इथे दीडशे वर्षांपूर्वीच्या जहाजाच्या फळ्या मोजता येतात.

मित्राने यादी पाठवली ती त्याच्या स्वभावाला धरून होती. पहिलं नाव ‘अरेबिया’, १८८४ मध्ये मका घेऊन जाताना बुडालेलं तीन डोलकाठ्यांचं जहाज, ३० मीटरच्या खाली. तिथे डायव्हर्सचे जीव गेलेले आहेत. दुसरं ‘नायगारा २’, १९९९ मध्ये मुद्दाम बुडवलेलं, तेही तीसेक मीटरवर. भाचीच्या प्रमाणपत्राची हद्द १८ मीटर. यादी तिथेच निकालात निघाली. तो म्हणाला, “अगं, ती वरच थांबेल की.” तीन तास गाडी हाकून एकीने वर थांबायचं असेल तर तो बेत तिच्यासाठी नव्हे, आपल्यासाठी, एवढंच मी उत्तर दिलं.

उरली दोन. बिग टब बंदराच्या आतल्या टोकाला ‘स्वीपस्टेक्स’, सहा-सात मीटरवर. आणि रसेल बेटाजवळ ‘डब्ल्यू. एल. वेटमोर’, नऊएक मीटरवर. ही १८७१ मध्ये क्लीव्हलंडला बांधलेली आगबोट १९०१ च्या नोव्हेंबरातल्या वादळात मागे दोन बार्ज ओढत असताना आपटली. तिचा अवाढव्य बॉयलर अजून तळावर पडून आहे.

माझं मत पक्कं झालं ते ‘स्वीपस्टेक्स’च्या एका गुणामुळे. हे जहाज पाण्याच्या पृष्ठभागावरून दिसतं. पर्यटकांच्या बोटी रोज त्याच्यावरून जातात आणि लोक काठावरून वाकून बघतात. म्हणजे ऐनवेळी भाची “मला खाली नाही जायचं” म्हणाली तरी तिला स्नॉर्कल लावून वरून सबंध जहाज बघता येईल. नाही म्हटल्यामुळे तिचं काही हुकणार नाही. नदीत किंवा तीस मीटरवर ही सोय नसते. तिथे नाही म्हणणारा बोटीत टॉवेल पांघरून बसतो आणि बाकीचे येऊन वर्णनं ऐकवतात.

उथळ म्हणजे सोपं नव्हे

सहा मीटर म्हटल्यावर ताईने कुडाळहून फोनवर सुटकेचा श्वास सोडला. “मग काय, विहिरीएवढंच.” नवशिक्याला नेणारे अनुभवी लोकही नेमका हाच हिशोब करतात. हवा पुरते, वेळेची मर्यादा जवळपास नाही, काही झालं तर वर यायला अर्धं मिनिट. हे सगळं खरं आहे. खोटा ठरतो तो एकच भाग, आणि नवशिक्याची खरी परीक्षा तिथेच असते: पाण्यात ना वर ना खाली, अधांतरी राहणं. डायव्हर लोक त्याला बॉयन्सी म्हणतात.

पृष्ठभागावर दाब १ वातावरण. दर दहा मीटरला एक वातावरण वाढतं. सहा मीटरवर १.६, तीनवर १.३. म्हणजे सहावरून तीनवर आलात तर अंगावरच्या हवा भरायच्या जॅकेटमधली आणि सूटच्या रबरातली हवा जवळजवळ पावपट फुगते. तेच तीसवरून सत्तावीसवर आलात तर फक्त ८ टक्के. खोलवर चूक झाली तर सावरायला वेळ मिळतो. उथळात मात्र जरा वर सरकलं की हवा फुगते, हवा फुगली की आणखी वर, आणि पुढच्या क्षणी माणूस बाटलीच्या बुचासारखा पृष्ठभागावर. फुप्फुसात श्वास कोंडलेला असेल तर दुखापत याच पट्ट्यात होते.

त्यात जाड सूट. तारकर्लीचा ३ मिलिमीटरचा सूट म्हणजे जाडसर बनियन. इथे ७ मिलिमीटरचे दोन तुकडे छातीवर एकावर एक चढतात, वर हूड, हातमोजे, बूट. जेवढं रबर जास्त तेवढी ही फुगण्याची गडबड जास्त. आणि खाली १८६७ मध्ये बांधलेलं जहाज. त्याच्यावर आपटून चालत नाही आणि त्याला धरूनही चालत नाही.

त्यामुळे नियम ठरला. पहिली डाइव्ह जहाजावर नाही. पहिला दिवस टोबरमोरीजवळच्या डंक्स बेमध्ये, वाळूच्या तळावर, कमरेएवढ्या पाण्यापासून सुरुवात करून. मित्र वैतागला, “एक सबंध दिवस वाळू बघायची?” मी म्हटलं, तू नको येऊस, शनिवारी सकाळी ये. तो शुक्रवारीच आला. हे त्याचं चांगलं आहे, कुरकुर करतो पण मागे राहत नाही.

त्याआधी जुलैत वॉटर्लूच्या तरणतलावात एक संध्याकाळ काढली. मास्क काढून घालणं, ज्यातून श्वास घेतो तो रेग्युलेटर तोंडातून सुटला तर शोधणं, एकमेकांची हवा घेणं. सोळा महिन्यांत हात बरंच विसरतात. ती मुद्दाम जाड सूट घालून उतरली. गरम पाण्यात घाम निघाला, पण हूडने गळा आवळला की कसं वाटतं ते तिथे कळलं, हे बरं झालं.

वजन

गोडं पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के हलकं, म्हणून ते माणसाला कमी उचलतं. भाची आणि तिचं सगळं सामान मिळून ऐंशी किलोच्या आसपास, म्हणजे समुद्रापेक्षा २ किलो शिसं कमी पुरावं. तारकर्लीत तिच्या पट्ट्यात ४ किलो होतं. पण जाड सूट उलट सहा-सात किलो मागतो. बेरीज वजाबाकी करून ८ ते ९ आलं. भाड्याने सामान देणाऱ्या दुकानातल्या मुलाने तिच्याकडे बघून १२ सांगितलं. नवशिक्याला जास्त वजन देणं ही सगळीकडची सवय आहे, कारण तो बुडाला की काम सोपं होतं. फक्त मग तो सारखा जॅकेटमध्ये हवा भरतो आणि तीच हवा त्याला वर फेकते.

आम्ही ११ पासून सुरू केलं आणि पाण्यात उतरून तपासलं. जॅकेट रिकामं, नेहमीसारखा श्वास घेऊन धरलेला, पाणी डोळ्यांच्या रेषेत यायला हवं. श्वास सोडला की हळूच खाली. तपासताना सिलिंडर भरलेलं असेल तर त्यातली दीडशे बार (बार हे दाबाचं माप) हवा संपल्यावर जवळजवळ २ किलो वजन कमी होणार, हे धरायचं. पहिल्या दिवसअखेर ती ९ वर स्थिरावली. खोली आणि वेळ मोजणारा डाइव्ह कॉम्प्युटर ‘गोडं पाणी’वर लावायचा राहिला होता, तो मित्राच्या लक्षात आला. सहा मीटरवर त्याने फारसा फरक पडत नाही, पण लक्षात त्याच्या आलं, हे लिहिणं भाग आहे.

उंचीचा प्रश्न नव्हता. ह्युरॉन सरोवर समुद्रसपाटीपासून १७६ मीटरवर आहे आणि किती खोल किती वेळ राहायचं ते सांगणाऱ्या डाइव्हच्या तक्त्यांत दुरुस्ती ३०० मीटरच्या वर लागते. तळं म्हटलं की हे बघावं मात्र जरूर. रॉकी पर्वतात बॅन्फजवळच्या मिनेवांका तळ्यात धरणाखाली गेलेली वस्ती बघायला लोक उतरतात, तिथे ही दुरुस्ती विसरून चालणार नाही.

हवा आणि थंडी

हवेचा हिशोब कागदावर तिच्याकडूनच करून घेतला. ११ लिटरचं सिलिंडर, २०० बार. ५० बार राखीव, हात लावायचा नाही. उरले १५०, म्हणजे १६५० लिटर. घाबरलेला नवशिका पृष्ठभागावर मिनिटाला २५ लिटर ओढतो असं धरलं, तर सहा मीटरवर ४० लिटर. म्हणजे एक्केचाळीस मिनिटं. वेटमोरच्या नऊ मीटरवर साधारण पस्तीस. मित्राच्या आवडीच्या तीस मीटरवर सोळा, तीही जाण्यायेण्याचा वेळ धरून. हा शेवटचा आकडा तिने स्वतः काढला आणि मग अरेबियाचं नाव पुन्हा घेतलं नाही.

पण मी वेळ ठरवली ती हवेवरून नाही. पंचवीस मिनिटं, बस्स. कारण थंडी. पाण्याची घनता ४ अंशांना सर्वांत जास्त असते, म्हणून या सरोवरांत तळाशी उन्हाळाभर चार-पाच अंशांचं पाणी साचलेलं असतं आणि त्यावर ऊबदार पाण्याची चादर. ऑगस्टात ती चादर दहा-पंधरा मीटर जाड असते. आपण तिच्या आतच राहणार होतो. मात्र जोराचा वारा एका रात्रीत ती चादर एका बाजूला लोटतो आणि खालचं पाणी वर येतं. काल सतरा होतं म्हणून आज सतरा असेल, असं धरायचं नाही.

थंड पाण्यात रेग्युलेटर गोठून हवा एकसारखी फसफसत सुटू शकते. त्यामुळे थंड पाण्यासाठीचाच, आतलं यंत्र पाण्यापासून बंद केलेला रेग्युलेटर मागून घेतला. हवा तशी सुटलीच तर तोंडातून काढायचा नाही. ओठ सैल ठेवून लागेल तेवढी हवा घ्यायची, बाकी जाऊ द्यायची, आणि सावकाश वर. वाळूवर तिला हे दोनदा करायला लावलं.

आणीबाणीचं दोन ओळींत: बोटीवर ऑक्सिजन आहे ना ते निघण्यापूर्वी डोळ्यांनी बघितलं, बोटीच्या व्हीएचएफ रेडिओचं आणीबाणीचं चॅनल १६ तिला दाखवलं, आणि डाइव्हच्या दुखापतींवरचे, हवेचा दाब वाढवलेल्या बंद कक्षातले उपचार टोरांटो जनरल हॉस्पिटलमध्ये, रस्त्याने चार तासांवर, हे तिघांनाही माहीत होतं. विमा तिने स्वतः काढला.

वाळूचा दिवस

शुक्रवारी दुपारी डंक्स बे. पाणी गुडघ्याला लागताच कुडाळ तोंडातून बाहेर आलं. “गे मावशी, ह्यां पाणी आसा काय बरफ?” कॉम्प्युटर १७ दाखवत होता.

पहिल्यांदा चेहरा पाण्यात घातला आणि श्वास अडकला. हे होतंच, थंड पाणी तोंडावर आलं की छाती आपोआप हबकते. त्याच्यावर उपाय एकच, आधी हाताने तोंडावर पाणी मारत राहायचं आणि रेग्युलेटरने उभ्या उभ्या श्वास घ्यायचा. सहा-सात मिनिटं ती तशीच उभी होती. शेजारी लहान मुलं वाळूचे किल्ले करत होती आणि हिच्याकडे बघत होती.

मग चार मीटरवरून ती दोनदा वर उडाली. दोन्ही वेळा कारण तेच. जॅकेटमधली हवा सोडायचं बटण शोधायला तिने हात वर नेला, मान वर केली आणि मोठा श्वास घेतला. मोठा श्वास म्हणजेच फुगा. तिसऱ्यांदा मी तिच्यासमोर आडवी झाले आणि माझ्या बुडबुड्यांच्या तालात श्वास सोडायला लावला. त्यानंतर जमलं. संध्याकाळी तिने तळापासून हातभर उंचीवर एका जागी पाच मिनिटं काढली. फिनचे फटके खाली न मारता बेडकासारखे मागे मारायचे, गाळ उडवायचा नाही, हेही जमायला लागलं. मित्र तिच्याखाली वाळूत पडून हाताने ‘मस्त’ची खूण करत होता.

जहाजाचा दिवस

शनिवारी सकाळी. पार्कच्या कार्यालयात डायव्हर म्हणून नोंदणी आधीच झालेली. बिग टबमध्ये पर्यटक बोटींची वर्दळ असल्यामुळे डायव्हर्सना वेळा आखून दिलेल्या असतात, त्याप्रमाणे सकाळची वेळ घेतली. भाड्याच्या बोटीवर आम्ही तिघं आणि आणखी एक जोडपं. कप्तानाने सांगितलं, जहाजाच्या पोटात शिरायचं नाही, काही उचलायचं नाही, एक खिळासुद्धा नाही.

उतरण्याआधी मी तिघांचा करार पुन्हा म्हणून दाखवला. अंगठा वर म्हणजे वर, ‘का’ विचारायचं नाही, वाद घालायचा नाही. कोणीही केला तरी तिघं एकत्र वर येणार. मी पुढे, ती माझ्या उजव्या हाताला, मित्र तिच्या मागे.

‘स्वीपस्टेक्स’ दोन डोलकाठ्यांची. १८८५ च्या ऑगस्टात कोव्ह बेटाजवळ तिला इजा झाली. ‘जेसी’ नावाच्या टगने ओढून तिला बिग टबमध्ये आणलं, पण दुरुस्तीच्या पलीकडे गेलेली होती आणि सप्टेंबरात इथेच बसली. पोटातला कोळसा नंतर लोकांनी काढून नेला. डोलकाठ्या आता नाहीत. पण डेक आहे, डेकमधली चौकोनी तोंडं आहेत, नांगराचा दोर गुंडाळायचा रहाट आहे. साधारण ३६ मीटर लांबीचं जहाज सरळ उभं बसलेलं, जणू कोणी गोदीत ठेवून घरी गेलंय.

भाची तिच्यावर तरंगत होती. दीड मीटर अंतर ठेवून, हात छातीशी बांधून. सकाळचं ऊन तिरपं आत येत होतं. डेकच्या तोंडाशी आम्ही थांबलो, टॉर्च आत मारला, आतल्या फासळ्या दिसल्या आणि एक बास मासा आमच्याकडे दुर्लक्ष करून सावलीत गेला. आत जायचा मोह मला होत नाही असं नाही. पण आत गेलं की आपले बुडबुडे डेकच्या खाली साचतात आणि जुन्या फळ्यांना आतून ढकलतात. छप्पर डोक्यावर असणं नवशिक्याला झेपत नाही ते निराळंच.

बाविसाव्या मिनिटाला तिने दोन्ही दंड चोळून दाखवले. थंडी. मी विचारलं, ठीक? ठीक. आणखी एक मिनिट गेलं असेल, अंगठा वर. तिच्याकडे ९० बार शिल्लक होते, मित्राकडे १४०. त्याने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे बघितलं नाही. तिघं सावकाश वर आलो. एकूण २४ मिनिटं.

बोटीत ती थरथरत होती पण हसत होती. इथवर बेत आखल्याप्रमाणे चालला होता.

चूक माझी

पुढची डाइव्ह वेटमोरवर, एका तासाने. हा एक तास मी दाबाखाली श्वासातून शरीरात मुरणाऱ्या नायट्रोजनचा विचार करून ठेवला होता, सवयीने. सहा मीटरवर चोवीस मिनिटं राहिलेल्या माणसाच्या अंगात नायट्रोजन तो किती असणार! खरा हिशोब उबेचा होता आणि तो मी केलाच नव्हता. ओला सूट अंगावर, बोट चालू, वारा सुटलेला. रबरावरचं पाणी वाऱ्याने उडतं आणि जाताना अंगातली ऊब घेऊन जातं. पाण्यात असताना जेवढी गारठली नव्हती तेवढी ती बोटीत गारठली. लोकरी टोपी, वारा अडवणारा कोट आणि थर्मासमधला गरम चहा, हे सगळं गाडीच्या डिकीत होतं. सूट कमरेपर्यंत उतरवून कोरडं काही घालायला हवं होतं. ते मी तिला सांगितलं चाळीस मिनिटांनी, तिचे ओठ निळे दिसल्यावर.

रसेल बेटाजवळ बोट लागली तेव्हा लाटा दोन-अडीच फुटांच्या झाल्या होत्या. आधी उतरून आलेल्या जोडप्याने सांगितलं, खाली ११ अंश. रात्रभर वारा होताच, चादर सरकली होती.

भाची काही बोलेना. मास्क हातात घेऊन काच पुसत बसली, पुसून झालेली पुन्हा पुसत. मी विचारलं तर म्हणाली, “जाऊया की, मी तयार आहे.” आणि मित्राच्या तोंडून नेमकं तेव्हाच निघालं, “हो, नाहीतरी दोन्हीचे पैसे भरलेलेच आहेत.”

हे तिला माहीत नव्हतं. बोट दोन डाइव्हसाठी आगाऊ ठरवलेली होती आणि पैसे परत मिळणार नव्हते, हे मी मुद्दाम सांगितलं नव्हतं, तिच्यावर भार नको म्हणून. परिणाम उलटा झाला. तिचा नकार स्वस्त राहावा म्हणून मी जागा निवडली, वाळूत दिवस घालवला, करार म्हणून दाखवला. आणि पैशाची गोष्ट मात्र झाकून ठेवली, ती नेमकी नको त्या घटकेला उघडी पडली. गाडीतच सांगून टाकलं असतं, की दोन डाइव्हचे पैसे भरलेत, ते गेले असं समज, एक झाली तरी पुष्कळ, तर तो विषय घरीच संपला असता.

मी तिला बाजूला घेतलं. “हे बघ, आत्ता मला तू तयार आहेस का ते सांगू नकोस. खाली गेल्यावर काय करणार आहेस ते सांग.” ती सांगू लागली. दोर धरून उतरायचं, मग... मग थांबली. पुढचं तिला आठवत नव्हतं. सकाळी हाच क्रम तिने न अडखळता म्हटला होता. गारठलेलं डोकं असं रिकामं होतं. माणसाला वाटतं आपण ठीक आहोत. म्हणून ‘ठीक आहेस का’ हा प्रश्न थंड पाण्याच्या काठावर फारसा कामाचा नसतो. बेत तोंडाने म्हणून घ्यावा, कुठे अडतं ते कळतं.

“नको जाऊ,” तीच म्हणाली. “मावशी, तुम्ही दोघं जा.”

हेही आधी ठरलेलं होतं. ती वर राहिली तर आम्ही दोघांनी जायचं, तिच्यासाठी कोणी बसून राहायचं नाही. नाहीतर तिला तेवढ्याने अपराधी वाटणार. कप्तानाने तिला सुकाणूच्या केबिनमध्ये नेलं, स्वतःचा कोट दिला. आम्ही वेटमोरवर अठरा मिनिटं काढली. बॉयलर पाहिला, सुकाणू पाहिलं. मला तिथे फार काही दिसलं असं वाटत नाही, डोकं वरच होतं. मित्र वर आल्यावर बराच वेळ गप्प होता. मग तिच्याशेजारी जाऊन बसला आणि म्हणाला, “पैशाचं मी बोलायला नको होतं.” ती म्हणाली, “असू दे, दादा. चहा कुठे मिळतो इथे?”

दुपारी लिटल टबच्या धक्क्यावर चहा झाला. चिचीमॉन फेरी मॅनिटुलिन बेटाकडे निघाली होती, तिचा भोंगा ऐकत आम्ही वह्या भरल्या. ऊन चांगलं होतं. तासाभराने तिच्या ओठांचा रंग परतला आणि तिने शेजारच्या टेबलावरचे फ्रेंच फ्राइज बघून स्वतःसाठी दोन बश्या मागवल्या.

ताईचा फोन आला. “जमलं का ग तिला?” मी म्हटलं, एक जमली, एक तिने सोडली. ताई क्षणभर थांबली. “सोडली? तिने स्वतः?” कुडाळच्या घरात ही मुलगी भूक लागली तरी सांगत नाही, हे मला माहीत होतं.

पुढच्या ऑगस्टसाठी दोन गोष्टी मी वहीत मांडून ठेवल्या आहेत. एक, तिच्यासाठी ड्रायसूट (आत पाणी न शिरणारा सूट) नाही, त्याची बॉयन्सी वेगळीच शिकावी लागते. त्याऐवजी एका दिवसात एकच डाइव्ह, आणि दुसरी हवी तर दुसऱ्या दिवशी, तीही त्या दिवशी ठरवून. दोन, बिग टबमध्येच ‘सिटी ऑफ ग्रँड रॅपिड्स’ आहे. १९०७ मध्ये ही आगबोट लिटल टबमध्ये पेटली, लोकांनी ती बंदराबाहेर ओढून नेली, तर जळत जळत वाहत येऊन बिग टबमध्ये बुडाली. ‘स्वीपस्टेक्स’च्या शेजारीच. लाटा नाहीत, वारा कमी. वेटमोरच्या आधी खरं तर हीच सुचायला हवी होती.

भाचीच्या वहीतली सातवी आणि आठवी नोंद डंक्स बेची आहे. नववी अशी: खोली ६.४ मीटर, वेळ २४ मिनिटं, तापमान १६, वजन ९ किलो. शेऱ्याच्या रकान्यात तिने लिहिलंय, “बोटीक किडो लागूक नाय. आजोबांका फोटो धाडूचो.”